आईच्या स्मरणार्थ उपासनेत तिच्या प्राण्यांबद्दल बोलावं का?

मधली_लेक

नमस्कार मंडळी,

आईला प्रभूघरी जाऊन आज १९ दिवस झाले. येत्या रविवारी चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ उपासना आहे. घरातल्या एकाने पाच मिनिटं तिच्याबद्दल बोलावं असं पाळकसाहेब म्हणाले, आणि दादाने व धाकटीने ते काम माझ्यावर सोपवलं. चार रात्री कागद घेऊन बसतेय. लिहिते आणि खोडते.

आई पहाटे अंधारातच उठायची. पलंगाशेजारी एक जुनी चपटी उशी असायची, तिच्यावर गुडघे टेकून प्रार्थना करायची. आमची कुत्री टबीथा येऊन तिच्या पोटरीवर हनुवटी ठेवायची. प्रार्थना संपली तरी आई उठायची नाही, कारण टबीथाचा डोळा लागलेला असायचा. पायाला मुंग्या येईपर्यंत तशीच बसून राहायची.

तिच्या प्रार्थनेत नावांची यादी असायची. आधी आम्ही तिघं, थोरल्यापासून. मग सून, जावई, नातवंडं, शेजारपाजार, चर्चमधले आजारी. मग घरातले प्राणी, एकेकाचं नाव घेऊन. शेवटी जे गेले ते, माणसं आणि प्राणी दोन्ही. लहानपणी आम्ही एकमेकांना कोपरखळ्या मारायचो, "आज आमेन लांबणार."

नावंही ती शास्त्रातली, म्हणजे बायबलमधलीच ठेवायची. एक मांजराचं पिल्लू पावसाच्या पाइपात अडकलं होतं, तिसऱ्या दिवशी निघालं. त्याचं नाव योना, माशाच्या पोटातून तिसऱ्या दिवशी बाहेर आलेल्या संदेष्ट्यावरून. कुठल्याही वेतातलं सगळ्यात दुबळं, मागे पडलेलं पिल्लू असलं की त्याला ती "पाचवी चिमणी" म्हणायची. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या आहेत आणि लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकटच. "आणि देव तिलाही विसरत नाही," हे ती पिल्लाला कापसाने दूध पाजता पाजता सांगायची.

आता अडचण अशी की दादा म्हणतो, "उपासनेत कुत्र्यामांजरांचं काही नको. लोक हसतील. आई इतकी प्रार्थनाशील बाई, तिची आठवण 'कुत्रेवाली' म्हणून राहायला नको." माझ्याशी तो असं कडक कधी बोलत नाही. प्राणी वगळून मी लिहून पाहिलं. जे उरलं ते कुठल्याही आईबद्दल वाचता येईल.

तुम्ही काय केलं असतं? आणि पाच मिनिटांत माणूस कसा सांगायचा?

शांत_किनारा

आईंना आदरांजली. तुम्ही इथे जे लिहिलंय तेच वाचून दाखवा. वेगळं लिहायची गरजच नाही.

पिंपळपान

+१. ते पोटरीवर हनुवटी वाचून माझं पुढचं वाचायचं थांबलं होतं थोडा वेळ.

सरळरेषा

ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. पण मी तुमच्या दादाच्या बाजूने आहे. उपासना देवाची असते. गेलेल्या माणसाच्या आयुष्यात प्रभूने काय केलं याची साक्ष तिथे द्यायची असते. त्यांनी किती मुलांना प्रार्थना शिकवली, संकटात विश्वास कसा टिकवला, हे सांगा. कुत्र्याचं प्रेम घरच्या मंडळींत सांगता येईल. आणि शास्त्रात कुत्र्याला फारसा मानही नाही. हिणवायचं असलं की तिथे 'कुत्रा' म्हटलेलं आहे.

जुनी_वही

सरळरेषा, तुमचा मुद्दा पोचला, पण मला वाटतं आपण साक्ष फार अरुंद करतोय. माझ्या आईची गोष्ट सांगते.

तिने एक कोंबडा वाचवला होता. पाय अधू होता, म्हणून तो घरातच वावरायचा. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या संध्याकाळी घरची प्रार्थना होती आणि कोंबडा आरवण्याआधी शिष्य पेत्र प्रभूला तीनदा नाकारतो, तो भाग बाबा वाचत होते. बाबांचा आवाज गंभीर, आम्ही सगळे माना खाली घालून. पेत्र दुसऱ्यांदा नाकारतो तिथे बाबा पोचले आणि या पठ्ठ्याने बांग दिली! बाबा थांबले. कोणी हसेना. मग आईच म्हणाली, "अरे, अजून एकदा नाकारायचाय, थांब की जरा." त्यानंतर बाबांनासुद्धा वाचता येईना. सगळे पोट धरून हसलो. मग सगळं शांत झाल्यावर बाबांनी तो भाग पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि मला आजही वाटतं की पेत्र बाहेर जाऊन मोठ्याने रडला हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

तर मी आईबद्दल बोलले तेव्हा हेच सांगितलं. लोक हसले. हसता हसता रडलेही. तिची थट्टा झाली असं एकालाही वाटलं नाही.

बाहेरून_वाचणारा

मी ख्रिस्ती नाही, म्हणून विचारतो, राग नसावा. ही स्मरणार्थ उपासना म्हणजे नेमकं काय असतं? तिथे घरचे बोलतात ते भाषण की प्रार्थना?

मेंढपाळ

राग कशाला, चांगलं विचारलंत. मी पाळक आहे, बरीच वर्षं हेच काम करतोय. पंथापंथाप्रमाणे फरक पडतो, पण साधारण गीत, शास्त्रवाचन, प्रार्थना, वचनावर थोडा संदेश आणि मधे कुठेतरी घरच्यांची आठवण. ते भाषणही नसतं आणि प्रार्थनाही नसते. देवाने हा माणूस आम्हाला दिला होता, तो असा होता, एवढं उभं राहून सांगायचं असतं.

मधली_लेक, तुमच्या प्रश्नाकडे येतो. सरळरेषा म्हणतात ते अर्धं मला पटतं. उपासनेचा रोख देवाकडे राहायला हवा. पण प्राण्यांनी तो रोख बदलतो असं शास्त्र वाचून तरी मला वाटत नाही. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीदिवसाच्या आज्ञेत विश्रांती कोणाला सांगितली आहे पाहा. तुला, तुझ्या मुलांना, चाकरांना आणि तुझ्या गुराढोरांनाही. शत्रूचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर तोंड फिरवून जाऊ नको, हात दे, असं निर्गमाच्या पुस्तकात आहे. नीतिसूत्रांच्या १२व्या अध्यायात तर नीतिमान माणसाची खूणच सांगितली आहे, की तो आपल्या जनावराच्या जिवाकडे लक्ष देतो. आणि तुमच्या मांजराचं नाव योना आहे म्हणून सांगतो. योनाचं पुस्तक संपतं कशावर? देवाच्या प्रश्नावर. या निनवे नगरात १,२०,००० हून जास्त माणसं आहेत, ज्यांना उजवंडावं कळत नाही, आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत, मग मला या नगराची कीव येऊ नये काय? पुस्तकातला शेवटचा उल्लेख जनावरांचा. तुमच्या आईंच्या ते नक्की लक्षात आलं असणार.

बोलण्याबद्दल एकच सांगतो. 'प्रेमळ', 'कष्टाळू', 'सोशिक' हे शब्द वापरू नका. दर महिन्याला मी ते ऐकतो आणि मला एकही चेहरा दिसत नाही. ती उशी मात्र मला आत्ताही दिसतेय.

सरळरेषा

पाळकसाहेब, वचनं मान्य. पण गुरांची काळजी घेणं वेगळं आणि मंडळीसमोर कुत्रीचं नाव घेणं वेगळं.

मधली_लेक

सगळ्यांचे आभार. सरळरेषा, शास्त्रातल्या कुत्र्यांबद्दल तुम्ही लिहिलंत तेव्हा आईच बोलल्यासारखं झालं, कारण हेच तिला आमच्या आत्याने एकदा ऐकवलं होतं. आई म्हणाली होती, "श्रीमंताच्या दारात लाजर पडला होता, अंगभर फोड. घरातलं कोणी बाहेर आलं का? त्याच्याजवळ आले ते कुत्रेच." आत्याने पुढे तो विषय काढला नाही.

काठावर

मी वेगळं बोलणार आहे. कोणाला कडू वाटलं तर माफ करा.

माझी आईसुद्धा अशीच होती. देवभक्त आणि प्राण्यांवर जीव टाकणारी. गावभर तिचं कौतुक. पण तिच्या पोटची मुलं म्हणून आम्ही काय पाहिलं? तिच्या मांडीवर कायम कोणीतरी असायचं, आणि ते आम्ही नसायचो. आजारी वासरू असलं की रात्रभर गोठ्यात. मला ताप असला की कपाळावर एक हात, एक प्रार्थना, आणि पुन्हा गोठ्यात. वासराला बोलता येत नाही, तुला येतं, असं ती म्हणायची. पण मला तरी कुठे बोलता येत होतं? मी सात वर्षांची होते.

आज मी तिच्यावर रागावलेली नाही. ती गेली तेव्हा मी तिचा हात धरून होते. पण तिच्या प्राणिप्रेमाची स्तुती भर सभेत ऐकताना मला आत काहीतरी टोचलं होतं हे खरं आहे.

तुमचा दादा 'लोक हसतील' म्हणतोय. मला नाही वाटत त्याला लोकांची पर्वा आहे. त्याला विचारा. भांडायला म्हणून नाही, सहज शेजारी बसून विचारा.

जुनी_वही

काठावर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझ्या कोंबड्याच्या गोष्टीत मी हसणाऱ्यांत होते, म्हणून मला ही बाजू दिसलीच नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

मधली_लेक

काठावर, तुम्हाला काय लिहू कळत नाही. दादा थोरला. माझा जन्म होईपर्यंतची पाच वर्षं तो आणि आई, एवढंच घर होतं, बाबा कामानिमित्त बाहेर. मी विचारते त्याला.

अजून एक. टबीथा दारातच बसून असते. आई ज्या दारातून शेवटची बाहेर गेली त्याच दारात. खाणं निम्म्यावर आलंय. रात्री उठून आईच्या खोलीत जाते, उशी हुंगते, परत दारात. अकरा वर्षांची आहे. काय करू?

चार_पाय

मी पशुवैद्य आहे, म्हणून यावर लिहिते.

घरातलं माणूस गेल्यावर कुत्री शोधतात, कमी खातात, जास्त झोपतात किंवा सारखं मागे मागे राहतात. हे बऱ्याचदा दिसतं. आईंच्या वेळा मोडू नका. त्या पहाटे उठत असतील तर तुम्हीही निदान काही दिवस त्याच वेळी उठा, फिरायला त्याच वाटेने न्या. ती उशी धुवू नका, वास राहू द्या. तिला दारातून ओढून उठवू नका, स्वतः तिच्याजवळ जाऊन बसा. निम्मं तरी खातेय हे ठीक, पण पाणी सोडलं किंवा पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांकडे न्या. अकरा वर्षांच्या कुत्रीला दुःखाबरोबर दुसरं दुखणंही असू शकतं, आणि सगळं दुःखावर ढकललं तर ते हातचं निसटतं. घरात मांजर असेल तर आणखी जपा. मांजर दोनतीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर परिणाम होतो.

डोकं हलवते का? कान खाजवते का?

मधली_लेक

हो! डावा कान. आई त्यात थेंब घालायची, आणि आता ती कोणाला हात लावू देत नाही.

चार_पाय

मग दारात बसण्यातलं थोडं कानाचंही असेल. कान दाखवून घ्या. आणि आई थेंब कसे घालायच्या ते आठवून पाहा, तिला तीच पद्धत ओळखीची असणार.

पिंपळपान

अवांतर आहे, पण राहवत नाही. मेंढपाळ, प्राणी स्वर्गात जातात का हो? माझ्या मुलीने विचारलं तेव्हा मी 'हो' म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

सरळरेषा

शास्त्रात तसं कुठेही लिहिलेलं नाही. उपदेशक या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, पशूचा आत्मा खाली जातो की नाही हे कोणाला ठाऊक, असा प्रश्न आहे.

संदर्भ_शोधक

प्रश्न आहे, उत्तर नाही, हे तुम्हीच म्हणालात. :)

यावर थोरामोठ्यांनी विचार केलाय. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७८१ साली यावर एक अख्खं प्रवचन लिहिलं. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हते आहे आणि तिचीही सुटका होईल असं पौल म्हणतो. वेस्लीचं म्हणणं, 'सगळी' मध्ये मुकी जनावरं आलीच, आणि त्यांनी जे सोसलं त्याची भरपाई देव करील. प्रवचनाच्या शेवटी तो म्हणतो की देवाची दया सगळ्यांवर आहे हे कळलं तर आपलंही मन मऊ होईल.

असिसीच्या संत फ्रान्सिसबद्दल बहुतेकांना माहीत असतं. १२२६ मध्ये ३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो गेला. त्याचा सण ४ ऑक्टोबरला, आणि त्या दिवशी कितीतरी चर्चमध्ये लोक आपापले प्राणी आशीर्वादासाठी आणतात. म्हणजे चर्चमध्ये कुत्र्याचं नाव घेणं सोडाच, कुत्रा स्वतः येतो.

आणि आर्थर ब्रूम नावाचा एक पाळक होता. १८२४ मध्ये लंडनमध्ये जनावरांवरचे अत्याचार थांबवण्यासाठी संस्था सुरू झाली, तिचा पहिला कार्यवाह तो. गुलामांचा व्यापार बंद पाडणारा विल्बरफोर्सही संस्थापकांत होता. पैसे कमी पडले, संस्थेचं कर्ज झालं, आणि १८२६ मध्ये त्या कर्जापायी ब्रूम तुरुंगात गेला. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या परवानगीने संस्थेच्या नावात 'रॉयल' आलं, १८४० मध्ये. आज ती जगातल्या सगळ्यात जुन्या प्राणी-संस्थांपैकी आहे. ब्रूमने हे काम आपल्या विश्वासापोटीच हाती घेतलं होतं.

मेंढपाळ

पिंपळपान, जे लिहिलेलं नाही ते लिहिलंय असं मी सांगणार नाही. पण एक लहान मुलगा माझ्याकडे मेलेला ससा खोक्यात घेऊन आला होता, तेव्हा मी त्याच्याबरोबर खड्डा खणला आणि म्हटलं, "हा देवाने केला, देवाला ठाऊक आहे तो कुठे आहे." तेवढं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकतो. तुम्ही मुलीला फार चुकीचं सांगितलंय असं मला वाटत नाही.

सरळरेषांसाठी एक गंमत. प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा टोल्पेल नावाचा कुत्रा होता. जेवणाच्या मेजाशी तो तोंड वासून मांसाच्या तुकड्याकडे टक लावून बसे. ल्यूथर म्हणाला, या कुत्र्याचं जसं मांसाकडे लक्ष आहे तशी मला प्रार्थना करता आली तर! त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही.

सरळरेषा

हे मात्र झकास आहे. आमच्या मंडळीत सांगणार.

बाहेरून_वाचणारा

धागा स्वर्गापर्यंत जाऊन आला. रविवार जवळ आलाय, ताईंचा प्रश्न राहतोय.

सुईदोरा

मूळ प्रश्नाकडे येते. मी इथे फारशी लिहीत नाही, पण कुत्रीचं नाव टबीथा आहे हे वाचल्यापासून सांगायचं होतं.

बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय उघडा. टबीथा, ग्रीक भाषेत दुर्कस. दोन्हीचा अर्थ हरिणी. म्हणजे तुमच्या आईंनी प्राण्याला बाईचं नाव दिलं, पण त्या बाईचं नावच मुळात प्राण्याचं! ती आजारी पडून मेली. पेत्र आला. माडीवर सगळ्या विधवा जमल्या होत्या. त्यांनी काय केलं? गुण नाही सांगितले. दुर्कस त्यांच्यात होती तेव्हा तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे त्या रडत रडत पेत्राला दाखवत राहिल्या.

मी शिवणकाम करते, म्हणून माझं लक्ष नेहमी तिथे अडकतं. कल्पना करा, एकेक बाई पुढे येतेय, हे बघा, ही बाही, हा काठ. कोणी 'ती दयाळू होती' म्हटल्याचं ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने लिहिलेलं नाही. कपडे दाखवले एवढंच लिहिलंय.

ताई, पाच मिनिटांत माणूस सांगता येत नाही. वस्तू मात्र दाखवता येतात. आईंनी हाताने काय काय केलं, ज्यावर तिच्या हाताची खूण आहे, ते दोनतीन घेऊन जा. कागद घरी ठेवा.

काठावर

सुईदोरा, हे माझ्या आईच्या वेळी कोणीतरी मला सांगायला हवं होतं.

मेंढपाळ

इतकी वर्षं तो अध्याय वाचतोय. ते कपडे माझ्या नजरेतून कायम सुटत आले, कारण मी पेत्राच्या चमत्काराकडे धावत असायचो. धन्यवाद.

मधली_लेक

काल रविवार झाला. जे लिहितेय ते दादाला विचारून लिहितेय.

शनिवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे गेले. शेजारी बसले, काठावर म्हणाल्या तसं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी नाताळच्या नाटकात मेंढपाळ होतो ते आठवतं का तुला?" मला कसं आठवणार, मी चार वर्षांची. तो नऊ वर्षांचा होता. एकच वाक्य होतं त्याला, महिनाभर पाठ केलेलं. आई आली नाही. घरी तेव्हाची कुत्री वीत होती आणि एक पिल्लू आडवं आलं होतं. दादाने ते वाक्य म्हटलं ते दाराकडे बघत. घरी आला तर आई पिल्लू चोळत बसलेली. "झालं का छान?" एवढं तिने विचारलं आणि तो "हो" म्हणाला. त्याने पुन्हा कधी हे काढलं नाही.

मी आईचं शास्त्र बरोबर नेलं होतं, दाखवायच्या वस्तूंत ठेवायचं म्हणून. त्याच्या पुढच्या कोऱ्या पानांवर तिने कुटुंबाची नोंद ठेवली होती. लग्न, आमचे जन्म, बाप्तिस्मे, नातवंडं, सगळं शाईने. प्राणी पेन्सिलने, बारीक अक्षरात, समासात. एका कोपऱ्याला पिल्लाने चावल्याच्या खुणा आहेत. आम्ही दोघं त्या वर्षाची ओळ शोधत गेलो. सापडली. पेन्सिलने लिहिलं होतं, चार पिल्लं, एक अशक्त, पाचवी चिमणी. आणि त्याच्याखाली शाईने: "मोठ्याच्या नाटकाला गेले नाही. तो काही बोलला नाही. प्रभो, मला क्षमा कर."

दादाने ते पान किती वेळ धरून ठेवलं मला सांगता येणार नाही. मग त्याने बोटाने शाई चाचपून पाहिली, लहान मुलासारखी. म्हणाला, "मला सांगायचं होतंस गं." मला नाही, आईला म्हणाला.

निघताना म्हणाला, "हे चर्चमध्ये वाचू नको. बाकी सगळं सांग. कुत्र्यांचंही."

तर काल मी कागद नेला नाही. उशी नेली. तिच्यात गुडघ्यांचे दोन खळगे आहेत आणि मागच्या कडेला टबीथाचे केस चिकटलेत. ती उचलून दाखवली आणि सांगितलं की हे गुडघे, आणि हे केस. मग शास्त्राची पानं, पेन्सिलच्या नोंदी. एका आजींनी पुढच्या बाकावरून विचारलं, "योनाचं नाव आहे का बघ." होतं. त्या रडायला लागल्या. पाइपातून त्याला काढताना त्यांनीच कंदील धरला होता म्हणे, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. मग आणखी एक जण उठले, मग आणखी एक. पाच मिनिटांची पंधरा झाली, पाळकसाहेबांनी थांबवलं नाही. कोणी हसलं का? हो, एकदा, आई चर्चच्या दारात बसणाऱ्या कुत्र्याला "तू उशिरा आलास" म्हणून रागवायची ते कोणीतरी सांगितलं तेव्हा. दादाही हसला.

सुईदोरा, तुमचे उपकार कसे फेडू. काठावर, तुमचे तर नाहीच फिटायचे.

सरळरेषा

ताई, मी माझं मत मागे घेतो. मंडळीसमोर कुत्रीचं नाव घ्यावं.

काठावर

काल रात्री मी आईचं जुनं शास्त्र काढलं. आमच्याकडे अशा नोंदी नाहीत. पण वासरांच्या त्या पानांत, म्हणजे हिशोबाच्या वहीत, एका दिवशी माझा ताप लिहिलाय. रात्रीत चार वेळा बघितलेला, वेळेसकट. मी झोपलेली असणार.

जुनी_वही

काठावर, मिठी.

चार_पाय

आणि टबीथा? दारातून उठली का? कानाचं काय झालं?

मधली_लेक

कानाला सूज होती, औषध दिलंय. मला थेंब घालू देईना. काल रात्री दादाचा फोन आला, म्हणाला, "आई बाटली आधी मुठीत धरून बसायची, आठवतं? गार थेंब कानात गेला की कुत्रं बिथरतं, म्हणून ऊब द्यायची." मला आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं. बाटली मुठीत धरून बसले, मग घातले थेंब. हलली नाही.

दारात अजून बसते. पण आज पहाटे मी आईच्या वेळेला उठले, उशीवर गुडघे टेकले, तर मागून आली आणि पोटरीवर हनुवटी ठेवली. मला आईची यादी पूर्ण पाठ नाही. नातवंडांपर्यंत गेले आणि अडकले. मग तशीच बसून धाकटीला फोन लावला, तिने शेजारपाजार आणि आजारी सांगितले. गेलेल्या प्राण्यांची नावं दादाने सांगितली, सुरुवातीपासून, त्या चार पिल्लांसकट. पायाला मुंग्या आल्या होत्या. ती झोपली होती, म्हणून उठले नाही.